भोकरदनला काढलेला एक्स-रे

माझ्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली आणि मला कळलंच नाही. आष्टीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीपासून घर जेमतेम पन्नास पावलांवर. तेवढं अंतर मी एक पाय चपलेत आणि एक अनवाणी अशी चालून आले. दळण न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मागून हाक मारली, "ओ बाई, एक चप्पल राह्यली की तुमची!" मी खाली पाहिलं. एप्रिलचं ऊन, जमीन चटके देणारी, आणि माझ्या पावलाला काही लागत नव्हतं. घरात येऊन मी अंगठ्याला चिमटा काढून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा पाय धरल्यासारखं वाटलं.

कंबर दुखणं मला नवीन नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून गिरणी मीच चालवते. आमचे हे वीज, पट्टे, दगडांना टाकी लावणं, बाहेरची कामं बघतात. दळायचं काम माझं. गिऱ्हाइकाचा डबा उचलायचा, खांद्याच्या उंचीवरच्या पेटीत ओतायचा, खाली पीठ भरलं की तो डबा ओढून बाजूला लावायचा. दिवसाला असे किती डबे, ते मी कधी मोजले नाहीत. संध्याकाळी गिरणी बंद केली की मी घरातल्या भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं नुसती उभी राहायचे. मग स्वयंपाक.

सासूबाई होत्या तेव्हा त्यांना ते उभं राहणं म्हणजे नाटक वाटायचं. एकदा माझी आई माहेरून, धावड्याहून आली होती. दोघी ओट्यावर बसलेल्या. मी चहा घेऊन गेले आणि कप ठेवायला वाकले तेव्हा तोंडातून कण्हणं बाहेर पडलं. सासूबाई हसत म्हणाल्या, "विहीणबाई, माहेरूनच मोडकी कंबर धाडली का काय आमच्याकडं?" आई लगेच म्हणाली, "आमच्या घरी तर कधीच दुखली न्हाई बाई." मग माझ्याकडे न बघता तिने कप उचलला. त्या वेळी मला वाटलं, आईने माझी बाजू घेतली.

दरवर्षी थंडीत ती डिंकाचे लाडू पाठवायची. फोनवर मी कंबरेचं रडगाणं सुरू केलं की म्हणायची, "बाळंतपणाची कंबर हाय माय. बाईच्या जातीला आसंच राहतं. तेल लाव, शेक दे." मी तेल लावायचे, शेक द्यायचे. दोन वर्षांपासून मात्र कळ कुल्ल्यातून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरू लागली होती. बाजारापर्यंत जाताना मला वाटेत दोनदा बसावं लागायचं, कुणाच्याही पायरीवर. बसलं की बरं वाटायचं, उठून चाललं की पुन्हा तेच. ती चप्पल गळाली त्या दिवशी मात्र मी घाबरले. ह्यांना म्हटलं, "आता जालन्याला दाखवायचंच."

जालन्याचे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान असावेत. त्यांनी पायाच्या अंगठ्यावर बोट दाबून मला तो वर उचलायला सांगितला. डावा उचलला गेला, उजवा त्यांच्या बोटाखाली दबूनच राहिला. मग एक्स-रे, मग त्या बोगद्यासारख्या मशीनमधला फोटो. दोन्ही त्यांनी दिव्याच्या काचेवर लावले आणि मला जवळ बोलावलं.

"गिरणी चालवता ना तुम्ही? मग असं समजा, डब्यावर डबा रचलाय. हा सगळ्यात खालचा मणका. तो त्याच्या खालच्या हाडावरून पुढे सरकलाय, बघा इथे. आणि पायाकडे जाणारी नस इथे आवळली गेलीय. म्हणून पाय बधिर होतोय."

"डबे उचलून झालं का हो हे?" मी विचारलं.

"डब्यांनी वाढलं असेल. पण सुरुवात त्यांनी झालेली नाही." त्यांनी पेन्सिलीचं टोक काचेवर ठेवलं. "मणक्याला मागून धरून ठेवणारी ही बारीक हाडाची कडी असते. तुमची दोन्ही बाजूंनी तुटलेली आहे. आणि तुटलेल्या जागेच्या कडा बघा, गुळगुळीत झाल्यात. हे फार जुनं आहे. लहानपणी कधी पडला होतात का? खेळताना वगैरे?"

मी पडले होते. धावड्याच्या शाळेत मी खो-खो खेळायचे आणि चांगली खेळायचे. दहावीच्या वर्षी खांबाला वळसा घालताना पाय सटकला आणि मी कंबरेवर आपटले. पंधरा दिवस सरळ उभं राहता येईना, तेव्हा वडील आणि मोठा भाऊ मला जीपने भोकरदनला घेऊन गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. तिथे एक्स-रे काढला. त्या पत्र्याच्या टेबलाचा गारठा मला अजून आठवतो. नंतर मला बाहेरच्या बाकावर बसवून ते दोघं डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. नाना म्हणाले, "काही न्हाई, लचक भरली." दुसऱ्या दिवसापासून माझा खो-खो बंद. "पोरगी मोठी झाली, आता बस झालं खेळणं," एवढंच सांगितलं गेलं. मी दोन दिवस जेवले नव्हते. मुलगी म्हणून खेळ बंद केला, हा राग मी नानांवर ते जाईपर्यंत धरला, आणि ते गेल्यावरही सोडला नाही.

"तेव्हा एक्स-रे काढला होता," मी डॉक्टरांना सांगितलं. "लचक म्हणाले."

"मिळाला तर आणा. किती वर्षांत किती सरकलाय ते कळेल. नाही मिळाला तरी अडत नाही. ऑपरेशन करावं लागणारच आहे. नस मोकळी करायची, आणि मणका जागेवर आणून स्क्रू आणि सळ्यांनी खालच्या हाडाला जोडून टाकायचा. पायातली ताकद जातेय, म्हणून फार दिवस काढू नका."

दवाखान्याच्या जिन्यावर बसूनच मी दादाला फोन लावला. तो धावड्याला शेती बघतो. आई त्याच्याजवळ असते.

"दादा, दहावीत मी पडले तेव्हा भोकरदनला एक्स-रे काढल्ता ना? तो घरी आसंल का?"



"कवाची गोष्ट काढली तू. काढला न्हवता बहुतेक."

"काढला होता. टेबलावर झोपले होते मी."

"मंग हरवला आसंल. इतक्या सालाचं कोण ठिवतं? नवा काढला ना, तो बराबर हाय." आणि कुणीतरी हाक मारतंय असं सांगून त्याने फोन ठेवला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, त्याला माझ्या ऑपरेशनची काळजी लागली असेल.

आठ दिवसांनी मी भरती झाले. मुलगा पुण्याला कामाला, मुलीचे बारावीचे क्लास, गिरणी बंद ठेवता येत नव्हती. म्हणून आई माझ्याजवळ राहायला आली. सत्तरीची बाई, धावड्यापासून दोन बस बदलून, पिशवीत भाकऱ्या, तिळाची चटणी आणि मोसंब्या घेऊन आली. आल्या आल्या तिने माझ्या उशाची चादर झटकली, पाण्याची बाटली भरून आणली आणि शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान आजींशी ओळख काढली. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दहा मिनिटांत दोघी एकमेकींच्या नातवंडांबद्दल बोलू लागल्या. मला फार बरं वाटलं. आई आली म्हणजे आता सगळं ठीक होणार, असं चाळिशी ओलांडलेल्या बाईलाही वाटतंच.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी माझ्या फोनवर वहिनीने काहीतरी पाठवलं. तीन फोटो आणि खाली तिचा मेसेज: "ताई, माळा झाडून राह्यले तर पत्र्याच्या पेटीत हे घावलं. तुम्हीच मागितल्ता ना? म्हणलं आधी तुम्हाला धाडावं."

पहिल्या फोटोत एक जुना तपकिरी लखोटा होता. त्यावर माझं माहेरचं नाव, नानांच्या अक्षरात. दुसऱ्यात वहिनीने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता. तिचा अंगठा, काळी फिल्म आणि त्यातून दिसणारी माझी पंधरा वर्षांची कंबर. तिसऱ्यात डॉक्टरांची चिठ्ठी होती. वरचं इंग्रजी मला लागलं नाही. खाली मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

मणका पुढे सरकला आहे. भार उचलू नये. खेळ व उड्या बंद. दरवर्षी एक्स-रे काढून दाखवावे. वाढल्यास ऑपरेशन लागेल. पालकांना समजावून सांगितले.

त्याखाली दोन सह्या होत्या. एक नानांची, एक दादाची.

मी ते तीनदा वाचलं. आई खाटेच्या कडेला बसून मोसंबी सोलत होती. पांढरे दोरे एकेक करून काढायची तिची सवय आहे.

"माय," मी म्हटलं, "भोकरदनच्या डॉक्टरनं काय सांगितल्तं तेव्हा?"

"कवा?"

"मी पडले तेव्हा."

"लचक भरली म्हणला." तिने फोड माझ्यापुढे धरली.

मी फोड घेतली नाही. फोन समोर धरला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. तिला वाचता येत नाही. पण मी पहिलंच वाक्य वाचलं आणि तिचे हात थांबले, तेव्हा मला कळलं की या चिठ्ठीत काय लिहिलंय हे तिला सत्तावीस वर्षं तोंडपाठ आहे.

"कुणी धाडलं हे?"

"कुणी धाडलं ते सोड. तुला ठाव होतं?"

तिने ती फोड पुन्हा सालीवर ठेवली.

"माय, तुला ठाव होतं का न्हाई?"

"ठाव होतं."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुला सांगून काय झालं आसतं? तू साऱ्या गावात बोलली आसती. मणका सरकलेली पोरगी कोण करून घेतं?"

"लग्नाआधी न्हाई सांगितलं, ते सोडून दे. नंतर? मी गिरणीत डबे उचलून राह्यले होते, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस तू. मी फोनवर रडत होते. तू मला तेल लाव म्हणत होतीस."

"मंग काय सांगू? नवरा सोड म्हणू? गिरणी सोड म्हणू?"

"एवढंच सांगायचं, की कंबर जपून वापर. एवढंच, माय."

तिने मोसंबीच्या साली गोळा केल्या, पदरात घेतल्या आणि टाकायला बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. शेजारच्या आजींनी माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "माँ से झगड़ा हुआ क्या बेटी?" मी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी हे आले. मी त्यांना फोटो दाखवले. माझ्या मनात होतं, हे चिडतील, निदान माझ्यासाठी चिडतील. त्यांनी चिठ्ठी दोन बोटांनी मोठी करून वाचली आणि म्हणाले, "म्हणजे फसवणूकच झाली की आमची."

"तुमची?"

"तसं न्हाई. पण आधी माहीत असतं तर..." ते थांबले.

"तर काय?"

"तर तुला डबे उचलू दिले नसते."

ते वाक्य त्यांनी शोधून आणलं होतं. आधी ओठांवर आलेलं वाक्य वेगळं होतं, आणि ते काय होतं हे आम्हा दोघांनाही कळलं. मी भिंतीकडे तोंड केलं. आई दारात उभी होती. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर, बघ मी म्हणत होते ना, असं काहीतरी आलं, आणि मला तो चेहरा सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवरून नेताना आई बरोबर चालत होती. दाराशी तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला. मी डोळे मिटून घेतले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी वाटतेय का?" मी नाही म्हटलं. खरंच वाटत नव्हती. मरायची भीती वाटायला मन मोकळं लागतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, नाना आणि दादा डॉक्टरांच्या खोलीत होते तेवढ्या वेळात त्यांनी काय काय ठरवलं असेल.

शुद्धीवर आले तेव्हा पाठीत कुणी निखारे भरल्यासारखं झालं होतं. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला नळी. चार स्क्रू, दोन सळ्या, मधे एक छोटी पेटी आणि तिच्यात माझ्याच हाडाचा चुरा, असं डॉक्टरांनी समजावलं. "अंगठा वर घ्या," ते म्हणाले. मी घेतला. उजवा अंगठा थरथरत का होईना, वर आला. आईने पायाजवळ उभं राहून तो बघितला आणि पदर तोंडाला लावला.

मग सुरू झालं ते मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. मला कुशीवर वळायचं तर एकटीने वळायचं नाही, असं बजावलं होतं. खांदा आणि कंबर एकाच वेळी फिरली पाहिजे, मधे पीळ पडता कामा नये. नर्सने आईला शिकवलं, एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली, गुडघ्यांमधे उशी, आणि एकदम लाकडाच्या ओंडक्यासारखं वळवायचं. आई एकदाच बघून शिकली. दर दोन तासांनी ती मला वळवायची. तिचा श्वास माझ्या मानेवर यायचा. जिच्याशी मला बोलायचं नव्हतं, जिच्याकडे बघायचं नव्हतं, तिच्या हाताशिवाय मला या कुशीवरून त्या कुशीवर होता येत नव्हतं. "वळव," एवढा एकच शब्द मी तिच्याशी बोलायचे. आणि ती वळवायची.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून उभं केलं. पाचव्या दिवशी जिन्याच्या चार पायऱ्या चढवल्या. आठव्या दिवशी आम्ही गाडीत मागच्या सीटवर मला आडवं टाकून आष्टीला आलो. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले की हे कधी कधी घराण्यात असतं, मुलीचा एक एक्स-रे काढून ठेवा. मी तिचा लगेच पुढच्या आठवड्यात काढायला लावला. चांगला निघाला. तो फोटो मी तिच्याच कपाटात ठेवायला सांगितला.

आई दीड महिना आमच्याकडे राहिली. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नीट उचलायचा, अशी तीन महिन्यांची मनाई होती. आई मला खुर्चीवर बसवून अंघोळ घालायची. पाय धुवायची, बोटांच्या मधे पुसायची. जखमेवर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिक लावायची, आणि ते काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून कडेने ओलं करायची. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, "आई ती आई." मी हसायचे. ह्यांनी गिरणीत दळणाला एक बाई लावली होती. ते घरात आले की आईशी नीट बोलायचे, जास्तीच नीट. ते मला अजून बोचायचं.

एके दुपारी ती माझे केस विंचरत होती. मी खुर्चीत, ती मागे उभी. एकमेकींची तोंडं दिसत नव्हती म्हणूनच असेल, मी विचारलं.

"माय, नाना काय म्हणले होते घरी आल्यावर?"

फणी थांबली नाही.

"म्हणले, कुणाला बोलायचं न्हाई. डॉक्टरनं त्यांना सांगितल्तं, बाळंतपणात तरास होऊ शकतो. मला म्हणले, लग्न जल्दी करून टाकू. तुझ्या नशिबात आसंल ते होईल."

"आणि तू?"

"मी काय? तवा माझं कोण ऐकत होतं."

"नाना गेले त्याला सात वर्षं झाली."

आता फणी थांबली.

"तुला दोन लेकरं झाली, चांगली झाली. मला वाटलं, डॉक्टर चुकला. मला खरंच तसं वाटलं, माय. मंग तुझी सासू व्हती. तिला कळलं आसतं तर तिनं तुला राहू दिलं आसतं का? मंग ती गेली. मंग..." ती जरा घुटमळली. "मंग सांगायचं राह्यलंच."

मी वाट बघत होते की ती पुढे काही म्हणेल. चुकलं माझं, असं. किंवा निदान रडेल. तिने वेणी घातली, टोकाला रिबीन बांधली आणि विचारलं, "चहा ठिवू का?"

सांगायचं राहिलंच. दळण आणायचं राहावं, तसं. नानांनी ठरवून लपवलं, त्यावर मी रागावू शकत होते. पण आईने ते ठरवून नव्हे, तर हळूहळू, सवयीने लपवलं, याचं मी काय करायचं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

तिला न्यायला दादा आला. सोप्यात बसला, पाणी प्याला, ह्यांच्याशी कापसाबद्दल बोलला. हे गिरणीकडे गेल्यावर मी सरळ विचारलं, "दादा, तो लखोटा आणलास का? वहिनीला म्हटलं होतं मी."

"कोणता?"

"एक्स-रे. चिठ्ठी. तुझी सही हाय तिच्यावर."

त्याने आईकडे बघितलं. "जाळून टाकला."

"काय?"

"तसलं घरात कशाला ठिवायचं? उद्या कुणाच्या हाती लागलं तर भावोजी म्हणतील, माहेरच्यांनी फसवलं. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"त्यांना माहीत हाय. मी दाखवलं."

"दाखवलं?" तो उठून उभा राहिला. "तुला अक्कल हाय का? आपल्या बापाची इज्जत..."

"माझी कंबर होती ती, दादा. बापाची इज्जत न्हवती."

"मी ईस वर्षाचा होतो तवा. नानांनी म्हणलं सही कर, केली. मला काय कळत होतं?"

"तेव्हा न्हवतं कळत. जाळलास तेव्हा तर चाळिशी ओलांडली होतीस."

 आई मधे पडली, "जाऊ द्या आता. पोरीला तरास होऊन राह्यला." तिचं बोलणं मला उद्देशून होतं की त्याला, कळलं नाही. नंतर वहिनीचा फोन आला तेव्हा कळलं की फोटो धाडल्याबद्दल दादाने तिला आठ दिवस धारेवर धरलं होतं. ती रडत म्हणाली, "मला काय ठाव ताई, मला वाटलं डॉक्टरला पाहिजे म्हणून तुम्ही मागितला." या सगळ्यांत माझी माफी मागणारी ती एकटीच निघाली, आणि तिचा काही दोष नव्हता.

आई जायला निघाली तेव्हा तिने औषधांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या डब्यांत लावून ठेवल्या. माझ्या मुलीला सांगितलं, आईला वळवताना खांदा आधी नको, दोन्ही बराबर. मग माझ्यासमोर उभी राहिली. तिला वाटत असावं मी काहीतरी बोलेन. मलाही वाटत होतं. बाहेर दादाने गाडीचा हॉर्न वाजवला.

"येते मी," ती म्हणाली.

"हं," मी म्हटलं.

आता या गोष्टीला आठ महिने झाले. पायात ताकद आली आहे. पावलाच्या बाहेरच्या कडेला अजून मुंग्या येतात, त्या बहुतेक राहतील असं डॉक्टर म्हणाले. मी बाजारापर्यंत न बसता जाते. गिरणीत उंच स्टुलावर बसून वजन करते, पैसे घेते, डबे दुसरी बाई उचलते. एखादी बाई कंबरेला हात लावून उभी दिसली की मी तिला विचारल्याशिवाय सोडत नाही. हे आता माझ्याशी फार सांभाळून वागतात, आणि त्या न बोललेल्या वाक्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

आईचा फोन दर रविवारी येतो. वहिनी सांगते की आई धावड्यात सगळ्यांना सांगते, लेकीचं एवढं मोठं आपरेशन, दीड महिना मीच सगळं केलं. लोक तिचं कौतुक करतात. ते खोटं नाही. तिनेच सगळं केलं. मला ते ऐकून राग येतो आणि मग त्या रागाची लाजही वाटते, कारण ती मला वळवायची तेव्हा तिचे हात किती सावध होते हे माझ्या अंगाला माहीत आहे.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड छान धरलंय, आता कुठेही जा, बसने गेलात तरी चालेल. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. त्या रविवारी आईने विचारलं, "भाऊबीजेला येशील ना माय? तुझा भाऊ वाट बघून राह्यला."

"न्हाई जमायचं," मी म्हटलं. "डॉक्टरनं बसनं जायला मनाई केलीय अजून."



"बराबर हाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो तसं कर. जपून राहा."